वाडा, पोड आणि मांडव : आधुनिक रंगभूमीच्या चळवळी आणि पूर्व वऱ्हाड

आधुनिक रंगभूमीचा इतिहास बहुधा शैलींच्या क्रमाने सांगितला जातो : आधी वास्तववाद, मग त्याला विरोध म्हणून प्रतीकवाद आणि अभिव्यक्तिवाद, पुढे ब्रेख्तची एपिक रंगभूमी, दुसऱ्या महायुद्धानंतरचे असंगत नाट्य आणि अखेरीस नाट्यगृहाची चौकट सोडून रस्त्यावर, मैदानात किंवा कारखान्याच्या दाराशी आलेले प्रयोग. युरोपातील महानगरांपुरता हा क्रम बराचसा खरा आहे आणि मुंबई-पुण्याच्या मराठी रंगभूमीलाही तो थोड्याफार फेरफाराने लागू पडतो. मात्र यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावसारख्या तालुक्यापासून पाहू लागले, तर तो टिकत नाही. कापसाचे शिवार, वणी आणि पांढरकवडा ही शेजारची बाजाराची गावे, कोलामांची पोडे (वस्त्या), गोंडांची गावे, वर्धा नदीपलीकडे चंद्रपूर जिल्हा आणि त्याच्याही पूर्वेला झाडीपट्टीचा नाटकवेडा मुलूख, अशा ठिकाणी हा तालुका वसलेला आहे. येथे रंगभूमीच्या निरनिराळ्या परंपरा एकीमागून एक आल्या नाहीत. दिवाळीतली दंडार, हंगामातले रातभर चालणारे नाटक, राज्य नाट्यस्पर्धेसाठी बसवलेला प्रयोग आणि शेतकऱ्याच्या विधवेने स्वतः उभे राहून केलेले निवेदन ही सारी या मुलुखात एकाच काळात शेजारी-शेजारी नांदताना दिसतात.

या आढाव्यात शैली आणि चळवळ हे दोन शब्द वेगळ्या अर्थांनी वापरले आहेत. शैली म्हणजे प्रयोग कसा उभा करायचा याची रीत : नेपथ्य कसे, अभिनय कोणत्या पट्टीतला, प्रेक्षकाशी नाते कोणते. चळवळ म्हणजे नाटक कोणी लिहायचे, कोणी करायचे, कोणी पाहायचे आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, या व्यवस्थेत घडवून आणलेला बदल. मराठी नाट्यसमीक्षेने शैलींची नोंद काळजीपूर्वक ठेवली, पण चळवळींचे मोजमाप अनेकदा शैलीच्याच फूटपट्टीने केले. पूर्व वऱ्हाडाच्या अनुभवावरून असे दिसते की, बाहेरून आलेली शैली येथे तेव्हाच रुजली जेव्हा तिला येथील एखादा जिवंत विषय सापडला. आणि खरा पालट शैलीपेक्षाही रंगमंचावर उभे राहणारी माणसे बदलली तेव्हा घडला.

पूर्वपीठिका

मराठी नाटकाचा आरंभ विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत केलेल्या ‘सीतास्वयंवर’ या प्रयोगापासून मानण्याचा प्रघात आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकाला तेव्हा रंगमंच मिळाला नाही. शेतकरी कुटुंबाची भटजीकडून होणारी लुबाडणूक आणि शिक्षणाने त्यावर काढता येणारा मार्ग हा त्याचा विषय पाहता, सामाजिक प्रश्नाला थेट हात घालणारे नाटक मराठीत किती लवकर लिहिले गेले होते हे ध्यानात येते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० मधील ‘शाकुंतला’ने संगीत नाटकाचे युग सुरू केले, आणि गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘शारदा’ने १८९९ मध्ये जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न त्याच संगीत नाटकाच्या घाटात बसवून दाखवला.

या काळात वऱ्हाड आणि नागपूर प्रांत प्रेक्षक म्हणून, आश्रयदाते म्हणून आणि काही वेळा लेखक म्हणूनही या प्रवाहाशी जोडलेले होते. १९०५ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांच्याकडे गेले. ‘रणदुंदुभी’ या राष्ट्रीय वृत्तीच्या नाटकाचे कर्ते वीर वामनराव जोशी हेही अमरावतीचेच. आणि राम गणेश गडकरी यांचा १९१९ मध्ये मृत्यू झाला तो नागपूरजवळच्या सावनेरात. तरीही नाटक कंपन्यांची नाट्यगृहे, त्यांचे भांडवल आणि त्यांच्याविषयी लिहिणारी वृत्तपत्रे पश्चिम महाराष्ट्रात होती. कंपनीचा दौरा नागपूर-अमरावतीपर्यंत येई आणि तेथून परत फिरे. कापसाच्या पेठांच्या पलीकडच्या खेड्यांसाठी नाटक म्हणजे त्यांचे स्वतःचे खेळच होते.

वास्तववाद : दिवाणखान्यापासून वाड्यापर्यंत

वास्तववाद ही आधुनिक रंगभूमीची पहिली मोठी शैली होय. रंगमंचावरील जीवन हे प्रेक्षकाच्या रोजच्या जीवनासारखे दिसावे, पात्रांनी बोलीभाषेत बोलावे, प्रेक्षकाकडे उघडी असलेली बाजू ही जणू खोलीची अदृश्य चौथी भिंत आहे असे मानून नटांनी वावरावे, आणि या साऱ्यातून कुटुंबाच्या किंवा समाजाच्या पोटात दडलेला प्रश्न उघडा पडावा, अशी तिची मागणी असते. हेन्रिक इब्सेनचे ‘बाहुलीचे घर’ हे १८७९ मधील नाटक, आंद्रे आंत्वान याने १८८७ मध्ये पॅरिसमध्ये काढलेले मुक्त नाट्यगृह आणि स्तानिस्लाव्हस्की व नेमिरोविच-दांचेंको यांनी १८९८ मध्ये स्थापन केलेले मॉस्को आर्ट थिएटर हे तिचे ठळक टप्पे. आंत्वानच्या नाट्यगृहाशी जोडला जाणारा निसर्गवाद हा याच शैलीचा अधिक कडवा अवतार असून, माणूस आनुवंशिकता आणि परिस्थिती यांच्या तावडीत सापडलेला असतो, ही त्याची भूमिका होती.

मराठीत ही शैली जाणीवपूर्वक आणण्याचे श्रेय ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेला दिले जाते. तिने १९३३ मध्ये नॉर्वेजियन नाटककार ब्यॉर्नसन याच्या नाटकावर आधारलेले, श्री. वि. वर्तक यांचे ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. स्त्रीभूमिका स्त्रियांनी करणे, भावगीताच्या वळणाची मोजकी पदे, एका प्रवेशाचा अंक आणि खरीखुरी वाटणारी खोली हे या प्रयोगाचे विशेष होते. नाट्यमन्वंतर अल्पजीवी ठरली, तरी तिने घालून दिलेला दिवाणखाना पुढची अनेक दशके मराठी रंगमंचावरून हलला नाही. रांगणेकर, अत्रे, कानेटकर, कालेलकर यांच्या नाटकांत सोफा, जिना आणि टेलिफोन यांची जागा जणू ठरून गेली. हा दिवाणखाना शहरातील मध्यमवर्गाचा होता, त्यामुळे त्यातील वास्तवालाही त्याच वर्गाची सीमा पडली.

ही सीमा ओलांडणारे नाटक यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे १९३९ मध्ये जन्मलेल्या महेश एलकुंचवारांनी लिहिले. विजया मेहता यांनी नागपुरात केलेला विजय तेंडुलकरांच्या ‘मी जिंकलो! मी हरलो!’चा प्रयोग पाहून आपण नाट्यलेखनाकडे वळलो, असे त्यांनी सांगितले आहे. म्हणजे मुंबईची प्रयोगशीलता दौऱ्याच्या वाटेने नागपुरात आली आणि तेथे तिला एक लेखक मिळाला. त्यांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये विजया मेहता यांच्याच दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. विदर्भातील धरणगाव या खेड्यातील देशपांड्यांचा वाडा, घरातील कर्ते तात्याजी नुकतेच गेलेले, मुंबईला स्थायिक झालेला मुलगा सुधीर पत्नीसह क्रियाकर्मासाठी आलेला आणि थोरला भास्कर वतनदारीच्या उरल्यासुरल्या तोऱ्यात घर ओढत असलेला, अशी या नाटकाची मांडणी आहे. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे. जुन्या जमीनदाराने नव्या शेतीत टाकलेले आणि तिथेच फसलेले ते पाऊल आहे. काळाचे भान सुटलेली दादी आतून हाका घालते. वहिनी रात्रीच्या एकांतात पिढीजात दागिने अंगावर चढवून पाहते, आणि बोलून न दाखवलेली तिची साऱ्या आयुष्याची उपासमार त्या एका प्रवेशात दिसून जाते. या सगळ्याखालून एक व्यावहारिक प्रश्न वाहत असतो : तात्याजींच्या तेराव्याला गावजेवण घालायचे तर पैसा कोठून आणायचा?

या प्रश्नामुळेच वाड्यातील वास्तववाद दिवाणखान्याच्या वास्तववादाहून वेगळा ठरतो. चेखॉव्हच्या ‘चेरीची बाग’शी या नाटकाचे नाते अनेकदा सांगितले जाते आणि ते योग्यही आहे, परंतु चेखॉव्हच्या बागेवर कर्जाचा लिलाव येतो, तर वाड्यावर रूढीचा खर्च येतो. कुळकायद्यानंतर जमीनदारीचा पाया खचला, तरी प्रतिष्ठेचे देणे फिटत नाही, ही वऱ्हाडातील सधन घराण्यांची अवस्था एलकुंचवारांनी आतून पाहिलेली होती. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या नाटकांनी ही कथा पुढच्या पिढीपर्यंत नेली. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेतर्फे तिन्ही नाटके सलग सादर केली, तेव्हा एका घराण्याची पडझड गावाच्या आणि निसर्गाच्या उजाडपणापर्यंत कशी पोचते हे एकाच बैठकीत दिसले. ‘युगान्त’ला २००२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

असंगत नाट्य आणि प्रायोगिक रंगभूमी

वास्तववादाने जे दिसते ते दाखवले. जे दिसत नाही पण छळते ते दाखवण्यासाठी युरोपात अन्य शैली पुढे आल्या. मॅटरलिंकच्या प्रतीकवादाने सूचक स्तब्धतेला महत्त्व दिले, तर जर्मनीतील अभिव्यक्तिवादाने मनातील भय नेपथ्य आणि प्रकाश यांच्या वेड्यावाकड्या रेषांतून बाहेर काढले. दुसऱ्या महायुद्धानंतर इओनेस्को आणि बेकेट यांच्या नाटकांत कथानक, कार्यकारणभाव आणि संभाषणाचा अर्थ यांवरचाच विश्वास उडाला. बेकेटचे ‘गोदोची वाट पाहताना’ १९५३ मध्ये पॅरिसला रंगमंचावर आले आणि मार्टिन एस्लिन याने १९६१ मधील आपल्या ग्रंथात या नाटकांना ॲब्सर्ड, म्हणजे असंगत, हे नाव दिले.

मराठीत या वाऱ्याला वाट करून देणारी संस्था म्हणजे विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू आदींनी १९६० मध्ये उभी केलेली ‘रंगायन’. सभासदांच्या वर्गणीवर चालणारी, गल्ल्याची पर्वा न करणारी आणि एका नाटकाचे मोजकेच प्रयोग करणारी ही संस्था प्रायोगिक रंगभूमी या संकल्पनेचा नमुना ठरली. १९७१ मध्ये तिच्यातून बाहेर पडलेल्यांनी ‘आविष्कार’ काढली आणि दादरच्या छबिलदास शाळेतील सभागृह तिने पुढे मराठी प्रयोगशीलतेचे केंद्र बनवले. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, खानोलकरांचे ‘एक शून्य बाजीराव’, अच्युत वझे यांची तुटक, खेळकर नाटके, सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ या सर्वांना असंगत नाट्याचे लेबल चिकटवले गेले, पण ते पुरते बसले नाही. ‘महानिर्वाण’मध्ये मेलेला माणूस कीर्तनकाराच्या थाटात स्वतःच्या मरणाचे आख्यान लावतो. ही विसंगती पॅरिसची नसून पुण्यातील चाळीची आणि कीर्तनाच्या मांडवाची आहे. एलकुंचवारांच्या ‘गार्बो’, ‘वासनाकांड’ या आरंभीच्या नाटकांतील कोंडलेपणा आणि हिंसा मात्र तुलनेने पाश्चात्त्य धाटणीची वाटते. वाड्याच्या अंगणात आल्यावर त्यांची भाषा मोकळी झाली, ही तुलना शैली आणि विषय यांच्या नात्याविषयी बरेच काही सांगून जाते.

जिल्ह्याच्या गावांपर्यंत ही प्रयोगशीलता पोचवणारी मुख्य वाहिनी म्हणजे १९५४ पासून सुरू झालेली राज्य नाट्यस्पर्धा. शाळामास्तर, बँकेतील कारकून, वीज मंडळाचे कर्मचारी, महाविद्यालयीन मुले असे हौशी कलावंत कार्यालय सुटल्यावर तालमी करीत आणि नागपूर, अमरावती, चंद्रपूर अशा केंद्रांवर प्रयोग सादर करीत. नागपूरच्या ‘रंजन कला मंदिर’मधून पुढे आलेले पुरुषोत्तम दारव्हेकर हे या परंपरेचे सर्वांत परिचित फळ. ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ च्या संगीत नाटकासाठी ते महाराष्ट्रभर ओळखले जातात, परंतु ‘वऱ्हाडी माणसं’सारख्या नाटकातून त्यांनी विदर्भाच्या बोलीलाही रंगमंचावर मानाची जागा दिली. स्पर्धेची मर्यादाही नोंदवली पाहिजे. परीक्षकांच्या पसंतीसाठी लिहिलेल्या नाटकात प्रकाशयोजनेचे चमत्कार, प्रतीकात्मक मुखवटे आणि गूढ सूत्रधार यांची एक ठरीव शैली तयार झाली, आणि बहुतेक संहिता एक-दोन प्रयोगांपलीकडे गावातील प्रेक्षकांपर्यंत गेल्याच नाहीत.

ब्रेख्त, लोकनाट्य आणि दंडार

बेर्टोल्ट ब्रेख्तच्या एपिक रंगभूमीने चौथी भिंत मुद्दाम पाडली. प्रेक्षकाने पात्राच्या दुःखात वाहून जाऊ नये, तर घटनेकडे थोडे दुरून पाहून असे का घडते आणि ते बदलता येईल का याचा विचार करावा, यासाठी तो गाणी, फलक, निवेदक आणि पात्रातून बाहेर येऊन बोलणारा नट यांचा उपयोग करतो. यालाच दुरावा निर्माण करण्याचे तंत्र म्हणतात. हे तंत्र भारतात आले तेव्हा अनेकांच्या लक्षात आले की, तमाशातला सोंगाड्या, दशावतारातला सूत्रधार किंवा कीर्तनकार हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीतच आले आहेत. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘देवाजीनं करुणा केली’, खानोलकरांचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आणि पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ ही ब्रेख्तच्या नाटकांची रूपांतरे या ओळखीतून झाली. या काळातील सर्वांत गाजलेला प्रयोग मात्र स्वतंत्र नाटकाचा होता. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात सादर झालेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये जब्बार पटेल यांनी ब्राह्मणांच्या झुलत्या रांगेची एक जिवंत भिंत उभी केली. ती भिंत कधी पडदा होते, कधी देऊळ, कधी पहारा आणि कधी साऱ्या शहराचा ढोंगीपणा. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांच्या नृत्यरचना यांमुळे गण, गवळण, कीर्तन आणि लावणी हे सारे तिच्यासमोर सहज नांदते.

अशा प्रयोगांतून भारतभर ‘मुळांकडे परतण्याची रंगभूमी’ ही चर्चा उभी राहिली आणि लोककलांचे घाट वापरणाऱ्या नागरी दिग्दर्शकांना शासकीय अनुदानाचे पाठबळही मिळाले. तिच्यावरचा आक्षेप पूर्व वऱ्हाडातून पाहताना अधिक टोकदार होतो. लोकनाट्याचा घाट शहरात गेला, त्यावर ग्रंथ झाले, परदेश दौरे झाले. पण तो घाट जपणारे कलावंत होते तेथेच राहिले.

पूर्व यवतमाळपासून किनवट आणि तेलंगणातील आदिलाबादपर्यंतच्या गोंड-कोलाम पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास दंडार निघते. ढोलाच्या तालावर टिपऱ्या घेऊन फेर धरणारे तरुण, मोरपिसांचा भरघोस टोप घातलेले आणि अंगाला राख फासलेले घुसाडी, पाहुणे म्हणून एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जाणे, यजमानांनी केलेला पाहुणचार आणि मध्येच सोंग आणून उडवलेली थट्टा, असे तिचे स्वरूप असते. येथे प्रेक्षक आणि कलावंत यांच्यात रेषा नसते, प्रवेशशुल्क नसते आणि पाहुण्या वस्तीला परतभेट द्यावी लागते. वैनगंगेच्या खोऱ्यात दंडार हेच नाव असलेला प्रकार अधिक नाट्यमय आहे. त्यात गाणी, सवाल-जवाब आणि कथाप्रसंग येतात, आणि स्त्रीभूमिका पुरुषच वठवतात. त्याच मुलुखातील खडी गंमत हे शाहीर, ढोलकी, तुणतुणे आणि नाच्या यांच्या जोरावर चालणारे लोकनाट्य असून, हुंडाबंदीपासून कुटुंबनियोजनापर्यंतचे विषय त्यात सहज मुरवले गेले आहेत. पोलंडच्या ग्रोटोव्हस्कीने साठच्या दशकात नेपथ्य, रंगभूषा आणि यंत्रसामग्री यांचा त्याग करून नट आणि प्रेक्षक एवढ्यावरच उभी राहणारी ‘दरिद्री रंगभूमी’ मांडली, आणि बादल सरकारांनी बंगालमध्ये शहरी आणि लोकरंगभूमीपलीकडची, अंगणात खेळता येणारी ‘तिसरी रंगभूमी’ उभारली. या दोघांनी विचारपूर्वक जे सोडून दिले ते दंडारीजवळ मुळातच नव्हते. हे साम्य दाखवून दंडारीला आधुनिक ठरवण्याची गरज नाही. तिच्यात व्यक्तीचा वेगळा आवाज नाही, प्रस्थापिताला विचारलेला थेट प्रश्नही क्वचितच असतो. मात्र रंगभूमी हा खरेदी-विक्रीचा व्यवहार नसून देवाणघेवाणीचा सोहळा असू शकतो, हे तिच्याइतके स्पष्ट कोणत्याही जाहीरनाम्यात दिसत नाही.

झाडीपट्टी : बाजाराच्या बळावरची रंगभूमी

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. येथील व्यावसायिक रंगभूमीला आधुनिक शैलींच्या कोणत्याही यादीत स्थान नसते, परंतु खेड्यांच्या आश्रयावर इतक्या मोठ्या प्रमाणात चालणारी दुसरी मराठी रंगभूमी दाखवणे कठीण आहे. देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले वडसा, हे तिचे मुख्य केंद्र. दिवाळीनंतर धानाची कापणी उरकली की मंडईचे मेळे भरू लागतात आणि नाटकांचा हंगाम साधारण होळीपर्यंत चालतो. गावातील मंडळ कंपनीशी ठराव करून नाटक आणते, मांडव घालते, तिकिटे विकते. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक उजाडेपर्यंत रंगते. दर हंगामाला नवी नाटके येतात, तालमींना वेळ कमी असतो, म्हणून प्रॉम्प्टरचे स्थान नटाइतकेच महत्त्वाचे असते. कौटुंबिक कथानक, ठसठशीत खलनायक, झाडीबोलीतला विनोद, पदे आणि अलीकडच्या काळात वाढलेली नाचगाणी अशी या नाटकाची बांधणी असते. विनोदी भूमिकांसाठी ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ म्हणून ओळखले जाणारे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे राज्यातील अनेकांचे पहिल्यांदाच लक्ष गेले.

झाडीपट्टीची शैली मेलोड्रामाची, म्हणजे भावनांना उघड हात घालून सुष्ट-दुष्टांचा झगडा रंगवणाऱ्या अतिनाट्याची आहे. वास्तववादी समीक्षा या शब्दाचा उपयोग बहुधा दूषण म्हणून करते. तथापि व्यवस्था म्हणून पाहिल्यास अनुदानाशिवाय, महानगराशिवाय आणि वृत्तपत्रीय परीक्षणाशिवाय ही रंगभूमी लेखक, नट, वादक, नेपथ्यकार आणि मांडववाले यांना हंगामभर काम देते. प्रायोगिक रंगभूमीने दर्जा मिळवला पण प्रेक्षक गमावला, असे म्हटले जाते. झाडीपट्टीने प्रेक्षक राखला, पण बाजाराची चव तिला दरवर्षी अधिक मोडते-वाकवते. कापसाच्या पट्ट्यात, म्हणजे वर्धा नदीच्या अलीकडे, अशी स्थिर व्यवस्था तयार झाली नाही. धानाचा पट्टा आणि कापसाचा पट्टा यांच्या हंगामांतही फरक आहे : धान एकदा कापून घरात येते, कापसाची वेचणी मात्र महिनोन्‌महिने लांबते, आणि गावाने निवांत होऊन रात्र जागवण्याचा काळ त्यामुळे तितका नेमका उरत नाही.

जलसा, दलित रंगभूमी आणि पथनाट्य

फुल्यांच्या विचारातून निघालेल्या सत्यशोधक जलशांनी तमाशाचा घाट घेऊन त्यातील गणपतीस्तवन आणि गवळण यांना प्रबोधनाचे वळण दिले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी मंदिरप्रवेश, पाणवठा आणि शिक्षण हे विषय गावोगाव नेले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगारांच्या प्रश्नांसाठी तोच घाट राबवला. ब्रेख्तचे नावही ठाऊक नसताना नाटकाने प्रेक्षकाला विचार करायला लावावे, ही भूमिका येथे प्रत्यक्षात आलेली होती. स्वातंत्र्योत्तर काळात म. भि. चिटणीस यांच्या ‘युगयात्रा’पासून दत्ता भगत यांच्या ‘वाटा-पळवाटा’पर्यंत दलित रंगभूमीची स्वतंत्र लेखनपरंपरा घडली.

विदर्भाच्या दृष्टीने या परंपरेतील महत्त्वाचे नाव प्रेमानंद गज्वी यांचे आहे. चंद्रपूर जिल्ह्यात जन्मलेल्या गज्वींच्या ‘घोटभर पाणी’ या एकांकिकेत दोनच पात्रे अनेक भूमिका पालटत पाण्याच्या नकाराचा सारा इतिहास उभा करतात. नेपथ्याची गरजच नसल्याने ही एकांकिका शाळेच्या वर्गात, समाजमंदिरात किंवा झाडाखाली कोठेही होऊ शकते, आणि तशी ती होत आली आहे. अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणालाच त्याच्या जातीत कसे अस्पृश्य मानले जाते हे दाखवणारे ‘किरवंत’ जातिव्यवस्थेचा प्रश्न केवळ दलितांचा नाही हे ठसवते. २०१९ च्या फेब्रुवारीत नागपुरात भरलेल्या ९९ व्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद गज्वींना मिळाले. पहिल्या संमेलनाचे अध्यक्ष अमरावतीचे एक नामवंत वकील होते आणि नव्व्याण्णवाव्याचे अध्यक्ष चंद्रपूरकडचे दलित नाटककार. ११४ वर्षांत विदर्भाकडून रंगभूमीत कोण बोलू लागले, याचे हे एक मोजमाप मानता येईल.

पथनाट्य हीही याच कुळातली शाखा. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबाद येथे नाटक सुरू असताना सफदर हाश्मी यांच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर देशभर पथनाट्याला नवे बळ आले. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल याने सत्तरच्या दशकात मांडलेल्या ‘उत्पीडितांच्या रंगभूमी’त तर प्रेक्षकानेच प्रयोग थांबवून पात्राची जागा घ्यावी आणि प्रश्नाचे वेगळे उत्तर करून दाखवावे, अशी सोय आहे. ग्रामीण भागात पथनाट्य पुढे शासकीय योजनांच्या प्रचाराचे साधन बनले आणि त्यातील प्रश्न विचारण्याची धार बरीच बोथट झाली. तथापि नाट्यगृहच नसलेल्या गावी आधुनिक रंगभूमीची पहिली ओळख अनेकदा याच मार्गाने झाली, हेही खरे.

दस्तऐवजी रंगभूमी आणि शेतीचे अरिष्ट

जर्मनीत एर्विन पिस्काटोर याने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वृत्तपत्रांची कात्रणे, आकडेवारी आणि चित्रफिती रंगमंचावर आणून दस्तऐवजी नाट्याचा पाया घातला. लेखकाने कल्पिलेल्या कथेऐवजी प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीची साक्ष हाच या शैलीचा गाभा. तिच्या अलीकडच्या रूपात साक्ष देणारा नटही खुद्द त्या अनुभवातून गेलेला असतो. मराठीत अतुल पेठे यांनी पुण्यातील सफाई कामगारांना घेऊन केलेले गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’, किंवा जालन्याकडच्या ग्रामीण कलावंतांनी उभे केलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ ही काटेकोर अर्थाने दस्तऐवजी नाटके नव्हेत. पण रंगमंचावर कोण उभे राहते याला त्यांनी निर्णायक महत्त्व दिले.

यवतमाळ जिल्ह्यात या शैलीला विषय शोधावा लागला नाही. ‘वाडा चिरेबंदी’ रंगमंचावर आल्याच्या पुढच्याच वर्षी, १९ मार्च १९८६ रोजी, महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि मुलांसह जीवन संपवले. ही महाराष्ट्रातील पहिली जाहीर नोंद झालेली शेतकरी आत्महत्या मानली जाते. पुढे कापसाचा वाढता खर्च, कोरडवाहू जमीन, सावकारी आणि कोसळणारे भाव यांच्या कचाट्यात हा जिल्हा आत्महत्यांच्या बातम्यांचे केंद्र बनला. २००६ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या पॅकेजच्या सहा जिल्ह्यांत त्याचा समावेश होता. या अरिष्टावर कविता, कादंबऱ्या आणि नाटके पुष्कळ लिहिली गेली. त्यांत मरणारा शेतकरी नायक असे आणि त्याची पत्नी शेवटच्या प्रवेशात आक्रोश करी.

श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ने हा क्रम उलटा केला. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवा आणि मुली याच त्यातील कलावंत आहेत, आणि नवऱ्याच्या मरणानंतर उरलेल्या बाईचे पुढचे आयुष्य हा त्याचा विषय आहे : कर्ज तिच्या नावे येते, जमीन येत नाही; मदतीसाठी मरण पात्र की अपात्र हे कागदावर ठरते; आणि गावाच्या नजरेला तिचे कुंकू आणि तिचे हसणे दोन्ही खटकते. अभिनयाचे शिक्षण नसलेल्या या स्त्रिया बोलतात तेव्हा सफाईची अपेक्षा बाजूला पडते. प्रेक्षकासमोर पात्र असते तसेच त्या पात्राचा पुरावाही असतो. स्तानिस्लाव्हस्कीची भूमिकेशी एकरूप होण्याची मागणी आणि ब्रेख्तची भूमिकेपासून अंतर राखण्याची मागणी, या दोन्ही येथे एकाच वेळी वेगळ्या अर्थाने पुऱ्या होतात. अनुभव स्वतःचा असल्याने एकरूपता आपोआप आहे. आणि तोच अनुभव रोज ठरावीक शब्दांत, ठरावीक वेळी सांगायचा असल्याने अंतर राखणे भागच पडते. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला झालेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात उद्घाटकाच्या निमंत्रणावरून वाद पेटला आणि अखेरीस ते उद्घाटन जिल्ह्यातीलच एका शेतकरी विधवेच्या हस्ते झाले. ती ‘तेरवं’मध्ये भूमिका करणारी कलावंत होती.

निष्कर्ष

देशपांड्यांच्या वाड्यातही तेराव्याचा प्रश्न होता आणि ‘तेरवं’मध्येही तोच आहे. वाड्यात तेराव्याचा खर्च म्हणजे घराण्याच्या प्रतिष्ठेचा अखेरचा हप्ता. शेतकऱ्याच्या घरी तेराव्यानंतर बाईच्या वाट्याला येणारे हिशेब सुरू होतात. पहिल्या नाटकाने वास्तववादाची पूर्ण क्षमता वापरली आणि जमीनदार वर्गाचा अस्त त्याच वर्गाच्या लेखकाने निर्ममपणे लिहिला. दुसऱ्याने साक्षीची शैली स्वीकारली, कारण ज्यांच्याविषयी बोलायचे त्या स्त्रिया आजवर कोणाच्याही नाटकाच्या लेखक नव्हत्या, नटही नव्हत्या आणि क्वचितच प्रेक्षक होत्या. साहित्यगुणांच्या कसोटीवर ‘वाडा चिरेबंदी’ अधिक संपन्न आहे, हे मान्य करूनही म्हणावे लागते की, चळवळ म्हणून ‘तेरवं’ने गाठलेली जागा वेगळी आहे. एकाची फूटपट्टी दुसऱ्याला लावल्यास दोघांवरही अन्याय होतो.

या आढाव्यातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, आधुनिक शैलींचा प्रसार हा केंद्राकडून परिघाकडे झालेला एकतर्फी प्रवास नव्हता. नागपुरातील एका प्रयोगाने पारव्याचा लेखक घडवला आणि त्या लेखकाने मुंबईच्या रंगमंचाला त्याच्या दिवाणखान्याबाहेर काढले. दुसरी, लोकरंगभूमीकडे केवळ घाटांचे कोठार म्हणून पाहणारी दृष्टी अपुरी आहे. दंडारीची देवाणघेवाण आणि झाडीपट्टीची मांडव-व्यवस्था यांचा अभ्यास आश्रय आणि अर्थकारण यांच्या अंगाने व्हायला हवा, कारण प्रायोगिक रंगभूमी नेमकी त्याच अंगाने लंगडी राहिली. तिसरी, मारेगाव, झरी-जामणी, केळापूर या पट्ट्यातील कोलाम आणि गोंड समाज दंडारीत नाचतो, पथनाट्यात पाहुणा म्हणून येतो, परंतु आधुनिक मराठी रंगभूमीत लेखक म्हणून अजून फारसा आलेला नाही. वाड्याने जमीनदाराला, जलशाने आणि दलित नाटकाने गावकुसाबाहेरच्या माणसाला, ‘तेरवं’ने शेतकऱ्याच्या विधवेला रंगमंच दिला. पोडावरचा माणूस कोलामी, गोंडी किंवा मराठीत स्वतःचे नाटक लिहील, तेव्हा त्याची शैली वास्तववादी आहे की दस्तऐवजी, हा प्रश्न दुय्यम ठरेल. ते नाटक कोणत्या मांडवात, कोणाच्या खर्चाने आणि कोणासमोर होईल, याची तजवीज संस्था, स्पर्धा आणि विद्यापीठे यांनी आधी करून ठेवायला हवी.